जवानाचा पट्टा आणि आपला कारागीर

विलेपार्ल्याच्या पूर्वेला विमानतळाच्या दाराशी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान उभा असतो. आपल्यापैकी बहुतेकांनी त्याला पाहिले आहे. कोणी दिल्लीला माल दाखवायला जाताना, कोणी हैदराबादच्या पाहुण्यांना सोडताना. नजर त्याच्या हातातील बंदुकीवर जाते आणि तेथेच थांबते. आमची व्यापारी व कारागीर बंधूंना विनंती आहे की, पुढच्या वेळी बंदूक सोडून बाकीचे पाहावे. बंदूक खांद्याला अडकवणारा पट्टा, कमरेचा पट्टा व त्याचे बक्कल, पिस्तुलाचे होल्स्टर, मॅगझिन ठेवण्याचे पाउच, वायरलेसची पिशवी, गोळीरोधक जाकिटाचे कव्हर, गुडघ्याचे पॅड, हातमोजे, बूट, टोपी, बाहीवरचा बिल्ला, शिट्टीची दोरी. मोजून बारा वस्तू झाल्या.

बंदूक मोठ्या कारखान्यात बनते. बाकीचा बहुतेक माल शिवणयंत्रावर, कातडे कापण्याच्या फळीवर आणि जरीकामाच्या कारचोबावर बनतो. म्हणजे तो अशाच हातांनी बनतो, जे हात इर्ल्यापासून जोगेश्वरीपर्यंत, बेहरामपाड्यापासून कुर्ला-धारावीपर्यंत आपल्या मोहल्ल्यांत रोज काम करतात. मग या बारा वस्तूंच्या पुरवठ्यात आपल्या बिरादरीचे नाव कोठे आहे? आमचे उत्तर असे की, हात पुष्कळ आहेत, नाव फार थोडे आहे. हे का झाले आणि कसे बदलता येईल, एवढाच आजच्या लेखाचा विषय आहे. येथे कोणाला देशभक्तीचा दाखला द्यायचा नाही की कोणाकडे मागायचा नाही. हा रोजीरोटीचा प्रश्न आहे आणि तो हिशेबानेच सोडवावा लागेल.

माल बदलला, बाजारही बदलला

जुन्या काळी फौजेचा माल म्हणजे जाड कॅनव्हास, कातडी पट्टे आणि पितळी बकले. कानपूरचा हार्नेस अँड सॅडलरी कारखाना एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी याच मालासाठी उभारला आणि त्याच्या आसऱ्याने त्या शहरातील चामड्याचा धंदा वाढला. स्वातंत्र्यानंतरही वर्दी, बूट, तंबू, पट्टे हा बहुतेक माल सरकारी आयुध कारखान्यांतूनच येई. खाजगी कारागिराला तेथे फारसा शिरकाव नव्हता.

ही स्थिती गेल्या काही वर्षांत पालटली. २०१७ मध्ये संरक्षण मंत्रालयाने वर्दी-बुटांसारख्या अनेक वस्तू बाहेरच्या बाजारातून घेण्यास मोकळीक दिली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ४१ आयुध कारखाने मोडून त्यांच्या सात सरकारी कंपन्या केल्या गेल्या. वर्दी, तंबू, पट्टे बनवणारे कारखाने कानपूरच्या ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेडकडे गेले आणि आपल्या राज्यात म्युनिशन्स इंडियाचे मुख्यालय पुण्यास, तर यंत्र इंडियाचे नागपुरास झाले. या कंपन्यांनाही आता निविदेत इतरांबरोबर उतरावे लागते.

दुसरा बदल मालाचा आहे. कॅनव्हासची जागा जाड नायलॉनने घेतली, पितळी बकलांची जागा बऱ्याच ठिकाणी प्लॅस्टिकच्या चिमट्याने घेतली. जाकिटावर आता खिसे कायमचे शिवलेले नसतात. सुमारे २५ मिलिमीटर रुंदीच्या नायलॉन पट्ट्यांच्या आडव्या ओळी शिवतात, दोन ओळींत तेवढेच अंतर ठेवतात आणि दर ३८ मिलिमीटरला पक्का बारटॅक टाका घालतात. त्यामुळे पट्टीचे सारखे फासे तयार होतात. जवानाला हवे तेथे मॅगझिनचे, औषधपेटीचे किंवा पाण्याच्या बाटलीचे पाउच त्या फाशांत ओवून बसवता येते. ज्याने शाळेची दप्तरे आणि प्रवासी बॅगा शिवल्या आहेत, त्याला हे काम परके नाही. फरक आहे तो मापाच्या काटेकोरपणाचा.

तिसरा बदल बंदुकीचा. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने आखलेली इन्सास रायफल हळूहळू मागे पडत आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये ७२,४०० सिग सॉअर रायफली मागवल्या गेल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अमेठीजवळच्या कोरवा येथे बनणाऱ्या ६,०१,४२७ एके-२०३ रायफलींचा करार झाला. आता व्यापाऱ्याने एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. गोळी बदलली की मॅगझिन बदलते, मॅगझिन बदलले की पाउच बदलते. इन्सासच्या सडपातळ मॅगझिनसाठी शिवलेले पाउच एके-२०३ च्या वाकड्या मॅगझिनला चालत नाही. खांद्याचा पट्टा रायफलीबरोबर कारखान्यातून आला तरी तो झिजतो, तुटतो आणि पुन्हा घ्यावा लागतो. रायफल पंधरा-वीस वर्षे चालते, तिच्या भोवतीचे कापड-कातडे तेवढे टिकत नाही. धंदा खरा या दुसऱ्या मालात आहे, कारण तो पुन्हा पुन्हा लागतो.

आणि गिऱ्हाईक फक्त सैन्य नाही. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस, विमानतळावरील औद्योगिक सुरक्षा दल, राज्याचे पोलीस, गोरेगावला छावणी असलेले राज्य राखीव पोलीस दल, होमगार्ड आणि खाजगी पहारेकऱ्यांच्या असंख्य संस्था हे सर्व हाच माल कमी-अधिक दर्जाचा घेतात. पार्ल्याहून लोकलने पाच स्थानके गेले की मालाड येते. तेथून कांदिवलीपर्यंतचा लष्कराचा सेंट्रल ऑर्डनन्स डेपो, ज्याला आपण सीओडी म्हणतो, आपल्या दारातच आहे.

हुनर आपले, बिल दुसऱ्याचे

शस्त्रांच्या भोवतीचे काम आपल्या लोकांना नवे नाही. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर भागात शिकलगार हे आडनाव आजही मुसलमान घरांत आहे. तलवारींना धार लावणे, पाते साफ करणे, त्यांना झिलई देणे हा त्यांचा पिढीजात पेशा. धारावीत चामडे कमावण्याचे कारखाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाले ते तमिळ मुस्लिम व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने. कमावण्याचे काम पुढे तेथून हलले, पण पट्टे, पाकिटे, बॅगा बनवणारे कारागीर राहिले. गोवंडी, मदनपुऱ्यातील जरीकाम करणारी मुले ज्या सुई-तारेने लग्नाचे शरारे भरतात, त्याच कामाने अधिकाऱ्यांच्या समारंभी पोशाखाचे बिल्ले भरले जातात.

मग अडते कोठे? इर्ल्याच्या मागच्या गल्लीतील एका बॅगवाल्या कारागिराचा अनुभव आमच्या माहितीतला आहे. त्याच्याकडे सहा मशीन आणि आठ माणसे. एका मध्यस्थाने मॅगझिनच्या पाउचचे शिलाईकाम आणले. कापड त्याचे, दोरा मात्र कारागिराने घालायचा, दर नगाप्रमाणे. कोणता दोरा, टाके किती, याचा कागद दिला नाही. एक नमुना दाखवला आणि परत नेला. कारागिराने बाजारात मिळणारा नेहमीचा दोरा वापरला. महिन्याने निरोप आला की तपासणीत दोऱ्याची ताकद कमी निघाली, माल परत. मजुरी बुडाली ती बुडालीच, वर कापडाची भरपाई त्याच्याकडूनच कापली गेली. त्याच्या हाती ना ऑर्डर होती, ना चलन, ना पावती. तक्रार करायची तर कोणाकडे आणि कशाच्या आधारे?

या कारागिराच्या हातात खोट नव्हती. त्याच्याकडे कागद नव्हता. आपल्या मोहल्ल्यांत अशी किती घरे आहेत ते वाचकांनी स्वतःच मोजावे. निविदा भरतो एक, तो काम देतो दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला, आणि प्रत्यक्ष टाका घालणारा चौथ्या पायरीवर बसलेला. प्रत्येक पायरीवर नफा थोडा थोडा गळतो आणि तोटा मात्र सरळ शेवटच्या पायरीवर येऊन पडतो.

कायदा काय देतो

आपल्याकडे असा समज आहे की सरकारी पुरवठा म्हणजे ओळखीचा आणि चिरीमिरीचा मामला, आपले तेथे काही जमणार नाही. या समजाला अनुभवाचा आधार असेलही. पण घरात बसून राहण्याचे ते निमित्तही झाले आहे. कायद्याने लहान उत्पादकाला काय दिले आहे ते आधी पाहू.

केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय मंत्रालये व सरकारी कंपन्यांनी ठरावीक हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. हा हिस्सा आधी २० टक्के होता, १ एप्रिल २०१९ पासून २५ टक्के झाला. त्यात ३ टक्के स्त्रियांच्या उद्योगांसाठी आहेत. ज्या घरात आई-बहिणी मशीन चालवतात त्यांनी याची नोंद घ्यावी. नोंदणी असलेल्या लघुउत्पादकाला निविदेची कागदपत्रे फुकट मिळतात आणि बयाणा रक्कम माफ असते. त्याचा दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला, तरी त्या कमी दराला यायची तयारी दाखवल्यास त्याला हिस्सा मिळू शकतो. शिवाय ३५८ वस्तू फक्त सूक्ष्म व लघु उद्योगांकडूनच घ्याव्यात अशी यादी आहे. या यादीत सर्व प्रकारचे बूट, कातडी-कॅनव्हासच्या सर्व प्रकारच्या पिशव्या व किटबॅगा, आणि भरतकामाचे व धातूचे बिल्ले आहेत. यादी वाचताना आम्हाला आपल्याच बाजाराची गल्ली वाचल्यासारखे वाटले.

नोंदणीसाठी कोणाच्या दारात जावे लागत नाही. १ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी संगणकावर, आधार क्रमांकावर, विनामूल्य होते. सरकारी खरेदीचा बाजार, ज्याला जेम म्हणतात, ऑगस्ट २०१६ पासून संगणकावरच भरतो. संरक्षण खात्याच्या रोजच्या खरेदीचे नवे नियमपुस्तक १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले आहे. या निविदांच्या अर्जात धर्माचा रकाना नसतो. मालाचे माप, वजन आणि ताकद यांचे रकाने असतात.

पैसे अडकण्याची भीती खरी आहे. त्यासाठी २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांची मुदत घातली आहे. त्यापुढे उशीर झाल्यास घेणाऱ्याला बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे लागते आणि लघुउद्योगांसाठीच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. व्याज घ्यावे की नाही हा ज्याच्या त्याच्या ईमानाचा प्रश्न आहे. पण मुद्दल बुडू नये यासाठी हे कलम हाती असावे. २०२४-२५ या कर आकारणी वर्षापासून दुसरी मात्राही आली आहे. सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत न देणाऱ्या खाजगी व्यापाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा करता येत नाही. म्हणजे मध्यस्थाकडून काम घेतले तरी बिल आणि उद्यम क्रमांक हाती असला तर तगाद्याला वजन येते. वर सांगितलेल्या बॅगवाल्याकडे एवढे जरी असते तरी त्याची गोष्ट वेगळी झाली असती.

व्यापारी आणि कारागीर यांनी एकत्र का यावे

येथे एक बारीक अट आहे आणि ती आपल्या व्यापारी बंधूंनी नीट समजून घ्यावी. जुलै २०२१ पासून किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण तिचा लाभ बँकेच्या प्राधान्य कर्जापुरताच आहे. खरेदीतील २५ टक्क्यांचा हिस्सा आणि बयाणा माफी उत्पादकाला आहे, नुसत्या व्यापाऱ्याला नाही. म्हणजे ज्याच्याकडे भांडवल, गोदाम आणि हिशेब आहे त्याला सवलत नाही; ज्याला सवलत आहे त्या कारागिराकडे भांडवल नाही, हिशेब नाही, आणि मोठ्या ऑर्डरपुरते कापड घ्यायची ताकद नाही.

यावर उपाय आपल्या घरातच आहे. एकाने भांडवल द्यावे, दुसऱ्याने मेहनत द्यावी, नफा आधी ठरलेल्या प्रमाणात वाटावा. भांडवलाचा तोटा भांडवलवाल्याने सोसावा आणि मेहनतवाल्याची मेहनत जावी. ही मुदारबा पद्धत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तारुण्यात हजरत खदीजा (रजि.) यांच्या भांडवलावर व्यापार केला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. जुम्म्याच्या खुत्ब्यात ऐकलेली ही गोष्ट दुकानाच्या गल्ल्यावर का आठवू नये? इर्ल्याच्या कापड व्यापाऱ्याने आणि त्याच्याच मागच्या गल्लीतील शिलाईवाल्याने १९३२ च्या भागीदारी कायद्याखाली करारनामा करावा आणि उत्पादक म्हणून उद्यम नोंदणी घ्यावी. दोघांचेही भागते आणि व्याजाच्या कर्जाचीही गरज कमी होते. करारात नफ्याचे प्रमाण, दोषी मालाची जबाबदारी आणि हिशेब पाहण्याचा हक्क स्पष्ट लिहावा. भाऊबंदकी टाळायची असेल तर भावाशीही कागद करावा.

पार्ल्यात मोठ्या कारखान्यांचे दिवस गेले. १९२९ पासून गावाला वास देणारा बिस्किटांचा कारखाना २०१६ साली बंद झाला. येथे जागेचे भाव असे की मोठे शेड कोणाला परवडणार नाही. पण दहा मशीनांची खोली आणि चार खोल्यांची भागीदारी परवडते. कटिंग एका ठिकाणी, शिलाई चार ठिकाणी, तपासणी व पॅकिंग पुन्हा एका ठिकाणी अशी वाटणी आपले तयार कपड्यांचे कारागीर आजही करतात. तीच घडी येथे बसवायची आहे.

तीन गोष्टींपासून दूर राहावे

पहिली गोष्ट लष्करी ठशाचे कापड. सैन्याचा नवा लढाऊ गणवेश १५ जानेवारी २०२२ रोजी लष्कर दिनी प्रथम दिसला. त्याच्या रचनेची नोंदणी सैन्याने आपल्या नावे केल्याचे त्याच वर्षी नोव्हेंबरात जाहीर झाले. हा हक्क दहा वर्षांचा असून पुढे पाच वर्षे वाढवता येतो. परवानगीशिवाय तो ठसा छापणारा, शिवणारा आणि विकणारा नुकसानभरपाईच्या दाव्यात सापडू शकतो. सैनिक नसताना सैनिक भासावे म्हणून तो पोशाख घालणे हा फौजदारी गुन्हा तर आधीपासूनच आहे. दोन पैसे जास्त मिळतात म्हणून फुटपाथवर असा माल टाकणाऱ्यांना आम्ही कळकळीने सांगतो, हा धंदा करू नका. आपल्या वस्तीत असे कापडाचे गठ्ठे सापडले तर काय विचारले जाईल आणि कोणाला किती दिवस ठाण्यात बसावे लागेल, हे सांगण्याची गरज नाही. परवाना आणि ऑर्डर असेल तर तेच कापड इज्जतीचे आहे. शिवाय बाजारातील नक्कल कापड सैन्याच्या कामाचेही नसते. खऱ्या कापडाचे रंग असे बसवतात की रात्री दुर्बिणीतूनही जवान उठून दिसू नये.

दुसरी गोष्ट लोखंडाची. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्र म्हणजे फक्त अख्खी बंदूक नव्हे. बंदुकीचे सुटे भाग, ते बनवण्याची यंत्रे, आणि आवाज किंवा ज्वाला कमी करणारी जोडणी हे सर्व त्यात येते. लेथवर काम करणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी ओळखीच्या माणसाने आणलेला 'एक छोटासा पार्ट' नमुन्यावरूनही बनवू नये. पट्टा, पाउच, होल्स्टर, किटबॅग हा कापड-कातड्याचा माल वेगळा. नळी, घोडा, सायलेन्सर याला परवाना लागतोच. ही रेघ ओळखून राहावे.

तिसरी गोष्ट ऐपतीबाहेरची ऑर्डर. एप्रिल २०१८ मध्ये १ लाख ८६ हजार गोळीरोधक जाकिटांचे काम सुमारे ६३९ कोटी रुपयांना एका दिल्लीच्या कंपनीस गेले. तेथे आपले काम नाही. पण अशा जाकिटातील कठीण पत्रा सोडला तर वरचे कव्हर कोणी तरी शिवतेच. मोठ्या कंपनीकडून लेखी ऑर्डर, लेखी प्रमाणपत्रक आणि सीलबंद नमुना घेऊन ते काम करणे हे शिकण्याचे उत्तम ठिकाण आहे.

कड्यांचे माप

काही दीनदार वाचक विचारतील, लढाईच्या सामानाचा धंदा आपल्यासाठी बरा काय? प्रश्न रास्त आहे आणि ज्याला शंका असेल त्याने उलमांना जरूर विचारावे. आमचे मत असे की, येथे आपण जवानाच्या अंगाचे रक्षण करणारा, त्याचे ओझे सावरणारा माल बनवतो. कुरआनात सूरह अंबिया व सूरह सबामध्ये हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्या चिलखत बनवण्याचा उल्लेख आहे. लोखंड त्यांच्या हाती मऊ केले गेले आणि माणसाचे अंग वाचावे म्हणून ही कला त्यांना शिकवली गेली. कड्यांचे माप बरोबर राखण्याची ताकीदही तेथेच आहे. बादशाह असूनही ते आपल्या हातच्या कमाईवर जगत, असे हदीसमध्ये आले आहे.

कड्यांच्या मापाची ही ताकीद आम्हाला आजच्या ३८ मिलिमीटरच्या टाक्यासंबंधीही खरी वाटते. फासा दोन मिलिमीटर लहान झाला तर पाउच त्यात ओवले जात नाही. मोठा झाला तर धावताना ते हलते. आपल्या बाजाराला 'चालून जाईल' या शब्दाची सवय आहे. शाळेच्या दप्तराचा पट्टा तुटला तर मूल रडते, बाप दुकानात येऊन भांडतो, आपण शिवून देतो. बंदुकीचा पट्टा डोंगरावर तुटला तर तेथे दुकान नसते. फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात उंच बर्फाळ प्रदेशातील जवानांना बूट व गॉगल वेळेवर न मिळाल्याचे, जुने बूट पुन्हा वापरावे लागल्याचे म्हटले होते. पुरवठ्यातील हयगय शेवटी कोणाच्या पायाला झोंबते हे यावरून समजावे.

म्हणून दोऱ्याची, कापडाची, रंगाची तपासणी हा खर्च नव्हे, धंद्याचा पाया मानावा. घाटकोपरला बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशनची प्रयोगशाळा आहे. कापड किती ताणावर फाटते, रंग धुण्यात किती टिकतो याची चाचणी अशा ठिकाणी होते. पाचशे नग शिवण्याआधी पाच नग तपासून घेतले तर परत येणारा ट्रक टळतो.

वाट सोपी नाही

आम्ही वाचकांना खोटी आशा दाखवू इच्छित नाही. सर्वांत कमी दराच्या निविदेत काही जण तोट्यात दर टाकतात आणि मग माल हलका करतात. त्यांच्याशी पहिल्या वर्षी टक्कर देणे कठीण. बयाणा माफ असला तरी ऑर्डर मिळाल्यावर कामगिरीची अनामत भरावीच लागते. मागील उलाढाल आणि अनुभवाच्या अटींत लहान उत्पादकाला सूट देता येते, पण खरेदीदार ती देईलच असे नाही. तपासणी अधिकारी कधी विनाकारण अडवतात. आणि नावावरून, पत्त्यावरून भुवई उंचावणारे लोक नसतात असे म्हणणे हा भाबडेपणा होईल.

त्यामुळे आमचा सल्ला लहान पायरीचा आहे. पहिल्या वर्षी सुरक्षारक्षकांच्या संस्थांना पट्टे, शिट्टीच्या दोऱ्या, काठीच्या खोळी, ओळखपत्राचे पाउच द्यावेत. पण प्रत्येक नगाचे बिल करावे, चलन ठेवावे, विवरणपत्र भरावे. दुसऱ्या वर्षी मोठ्या पुरवठादाराकडून लेखी ऑर्डरवर शिलाई घ्यावी. तिसऱ्या वर्षी, मागील दोन वर्षांची बिले हाती घेऊन, जेमवर किटबॅग किंवा बिल्ल्यासारख्या राखीव वस्तूची छोटी निविदा स्वतःच्या नावे भरावी. पहिली हुकेल, दुसरीही हुकेल. नकाराचे कारण मात्र दर वेळी लेखी पाहावे आणि वहीत उतरवून ठेवावे.

आपल्या मोहल्ल्यातील ज्या अंजुमना आणि जमाती दरवर्षी शिष्यवृत्त्या आणि सामुदायिक विवाहांवर खर्च करतात, त्यांच्या ते काम चांगले आहेच. त्यांनी एक टेबल, एक संगणक आणि कॉमर्स शिकलेला एक मुलगा आठवड्यातून दोन संध्याकाळी बसवावा. पार्ल्यात एवढी महाविद्यालये आहेत, असा मुलगा मिळणे कठीण नाही. त्याने कारागिरांची उद्यम नोंदणी करून द्यावी, निविदेची इंग्रजी वाचून मराठी-उर्दूत समजावून सांगावी, बिलाचा नमुना लिहून द्यावा. इर्ल्याच्या त्या बॅगवाल्याने आमच्याकडे मदत मागितली नाही, कर्जही मागितले नाही. त्याने एवढेच विचारले, "तो कागद कुठे मिळतो?" त्याला आणि त्याच्यासारख्यांना तो कागद मिळवून देणे आपल्या आवाक्यात आहे. येत्या महिन्यात एखाद्या मोहल्ल्यात असे टेबल लागले, तर बाकीचे काम कारागिराचे हात करतील, इन्शाअल्लाह.